एसटीपीतली पहिली नोकरी आणि मायक्रोस्कोपखालचा थेंब

मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झाल्यावर आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी फार्मा कंपन्या नाहीतर पॅथॉलॉजी लॅब गाठली. मला नोकरी लागली नवी मुंबईत, खाडीच्या बाजूच्या एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रात (एसटीपी), ठेकेदाराकडे. आई शेजारणींना ‘पाण्याच्या लॅबमध्ये आहे’ एवढंच सांगायची. ते तसं खोटंही नव्हतं. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर, पुढे रिक्षा. थंडीत प्लांटच्या मागे खाडीत फ्लेमिंगो उतरतात. घरच्यांना पाठवायला तेवढा एक फोटो बरा मिळतो.

कॉलेजात आपल्याला शुद्ध कल्चरची सवय लावतात. एक प्लेट, एक जात, बाकी सगळं ‘कंटॅमिनेशन’. इथे मात्र टाकीभर कंटॅमिनेशनच पाळायचं असतं. सांडपाण्यात हवा सोडली की जिवाणू त्यातली घाण खातात, वाढतात आणि चिकट स्राव सोडून एकमेकांना धरून ठेवतात. त्या तपकिरी गुठळ्यांना फ्लॉक म्हणतात. हवा थांबवली की फ्लॉक तळाशी बसतो आणि वरचं नितळ पाणी काढून घेता येतं. मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 मध्ये हेच दाखवून दिलं. खाली बसलेला गाळ फेकायचा नाही, त्याच्यावरच पुढचं सांडपाणी सोडायचं. सुरुवातीला ज्या शुद्धीकरणाला आठवडे लागत होते, ते गाळ साठत गेला तसं काही तासांवर आलं. त्यांचे प्रयोग भरा, हवा द्या, थांबा, ओता अशा फेऱ्यांचे होते. नवी मुंबईत आज दिसणारे एसबीआर पद्धतीचे (एकाच टाकीत फेऱ्यांनी चालणारे) प्लांट मुळात त्याच चालीने चालतात, फक्त झडपा कॉम्प्युटर उघडतो.

आता मुख्य गोष्ट. खरं काम करणारे जिवाणू साध्या मायक्रोस्कोपखाली ओळखू येत नाहीत. अमोनियाचं नायट्रेट करणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पिरा फ्लॉकच्या आत कुठेतरी असतात, पण बोट ठेवून दाखवता येणार नाहीत. दिसतात ते त्यांना खाणारे, बहुतेक एकपेशीय, प्राणी. आपल्याला वाचायचे असतात ते हेच. कारण बीओडीचा (पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा) रिपोर्ट आपल्याकडे 27 अंशांवर 3 दिवस ठेवून मिळतो, म्हणजे तो हातात येईपर्यंत ते पाणी खाडीत जाऊन पाच भरत्या-ओहोट्या तरी उलटलेल्या असतात. मायक्रोस्कोपखालचा थेंब पाच मिनिटांत बोलतो.

नमुना हवा चालू असताना, शक्यतो हवेच्या टप्प्याच्या शेवटाकडे घ्या. बाटली अर्धीच भरा. काठोकाठ भरून झाकण लावलंत तर आतल्यांचा ऑक्सिजन संपतो आणि तुम्ही प्लांटची नाही, बाटलीची तब्येत बघत बसता. मी पहिला आठवडा तेच केलं. तासाभरात स्लाइड बघून टाका. पारदर्शक जीव उठून दाखवणारा फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप बहुतेक ठिकाणी नसतोच, तेव्हा कंडेन्सर थोडा खाली घ्या आणि डायफ्रॅम बारीक करा, तेच जीव साध्यावरही लगेच दिसतात. आधी 10च्या लेन्सने सगळी स्लाइड फिरा, मग 40.

नवा प्लांट सुरू होताना आधी अमीबा आणि शेपटीवाले फ्लॅजेलेट दिसतात. मग सुसाट पोहणारे पॅरामेशियमसारखे केसाळ सिलिएट. गाळ मुरला की फ्लॉकवर रांगणारा अ‍ॅस्पिडिस्का आणि देठावर उभा व्होर्टिसेला. आणखी जुन्या गाळात रोटिफर आणि नशीब असेल तर टार्डिग्रेड, आठ पायांचं जलअस्वल. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अख्ख्या शिफ्टला लॅबमध्ये बोलावलं होतं. वॉचमनसुद्धा बघून गेला.

माझा जीव मात्र व्होर्टिसेलावर. उलट्या घंटेसारखं डोकं, खाली देठ. स्लाइडला जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आवळला जातो. एका शुक्रवारी मला नुसते देठच दिसले. डोकी कुठे गेली कळेना. अधूनमधून लहान पिंपासारखं काहीतरी पोहत जात होतं, त्याची मी ‘अनोळखी’ म्हणून नोंद केली. डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) लिटरला 2 मिलिग्रॅम दाखवत होता, म्हणजे ऑक्सिजन व्यवस्थित. मी निर्धास्त. आमचे जुने ऑपरेटर काका टाकीवरून खाली आले आणि म्हणाले, “मॅडम, गाळाला मातीचा वास येत नाहीये. रंगही काळपट वाटतोय, बघा जरा.” मी त्यांना मीटरचा आकडा दाखवला. पदवीचा माज असतो तो असा.

सोमवारी बाहेर पडणारं पाणी गढूळ. डीओचा प्रोब शेवाळ-चिखलाने माखलेला होता, आणि तळातले हवा सोडणारे बरेच डिफ्युझर चोंदले होते. ऑक्सिजन कमी पडला की व्होर्टिसेला देठ सोडून पोहत निघून जातो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. माझी ती ‘अनोळखी’ पिंपं म्हणजे तेच. ठेकेदाराच्या मॅनेजरने काकांना झापलं आणि मी गप्प राहिले. ते अजून टोचतं. तेव्हापासून प्रोब पुसल्याशिवाय मी त्याचा आकडा लिहीत नाही, आणि काकांनी सांगितलेला वास-रंग रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यात लिहिते.

धागे दिसले की नवखे घाबरतात. थोडे धागेदार जिवाणू फ्लॉकला सळ्यांसारखे आधार देतात, त्यांच्याशिवाय तो भुसभुशीत होतो. ते फ्लॉकबाहेर पसरून दुसऱ्या फ्लॉकला जाऊन भिडले, की गाळ कापसासारखा फुगतो आणि बसत नाही. त्याला बल्किंग म्हणतात. टाकीवर तपकिरी, सायीसारखा जाड फेस धरला तर तेल-तूप आणि फार जुना गाळ यांच्यावर पोसणाऱ्या नोकार्डिया गटाचा संशय घ्या, आणि ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत) करून खात्री करा. धाग्यांच्या पुढच्या ओळखीत सुरुवातीला पडू नका. त्यातल्या कित्येकांना बराच काळ नावंच नव्हती, ‘टाइप 021एन’ असे नुसते नंबर होते. कमी, मध्यम, जास्त एवढं रोज एकाच हाताने लिहिलंत तरी महिन्याने चित्र दिसू लागतं.

नोकरीबद्दल थोडं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, शिफ्ट असते आणि पावसाळ्यात सुट्टी मागायची नाही. रुजू होण्याआधी डॉक्टरांना विचारून धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटिसच्या लसी घेऊन टाका. ग्लोव्ह्ज घालून मोबाइलला हात लावू नका, सगळेच लावतात. आणि संपमध्ये, म्हणजे सांडपाणी गोळा होणाऱ्या खोल टाकीत, काही पडलं, अगदी कंपनीचा महागडा प्रोब पडला, तरी उतरू नका आणि कुणाला उतरूही देऊ नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. गटार-सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. वरिष्ठ ओरडला तर हे वाक्य पाठ असू द्या.

इंटरव्ह्यूत बीओडी आणि सीओडी (ऑक्सिजनची तीच गरज रसायनाने मोजलेली) यांतला फरक विचारतात, तो सगळ्यांना येतो. माझ्या वेळी एसव्हीआय, म्हणजे बसल्यावर एक ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा घेतो, ते विचारलं होतं: टाकीतलं लिटरभर मिश्रण 30 मिनिटं स्थिर ठेवल्यावर गाळ 250 मिलिलिटरवर बसला आणि एमएलएसएस (मिश्रणातल्या गाळाचं कोरडं वजन) लिटरला 2500 मिलिग्रॅम आहे, तर एसव्हीआय किती? उत्तर 100, म्हणजे गाळ चांगला बसतोय. 150च्या वर जाऊ लागला तर काय कराल, असा पुढचा प्रश्न आला. मी घाईने केमिकलचं नाव घेतलं. समोरचे सर म्हणाले, “आधी स्लाइड बघणार नाही का?”