गॉब्लिन शार्क आणि कॅपिबाराची तुलना करायचीय? अशी करा

पहिलं म्हणजे "दोघांची फाईट लागली तर कोण जिंकेल" हे डोक्यातून काढा. एक समुद्रात शेकडो मीटर खाली अंधारात राहतो, दुसरा दक्षिण अमेरिकेत नदीकाठी गवत चरतो, भेट होणारच नाही, विषय संपला. लांबी-वजनाचा टेबल पण नको. शार्क तीन-चार मीटर, कॅपिबारा साधारण 35 ते 66 किलो, बरं मग?

त्यापेक्षा दोघांनाही असलेली एखादी अडचण शोधा आणि कोणी ती कशी सोडवलीय ते शेजारी-शेजारी लिहा. सुरुवात दातांपासून करा, मला तरी हाच मुद्दा सगळ्यात भारी वाटतो. दात वापरले की खराब होणारच. शार्कचे जुने पडतात आणि मागच्या रांगेतले पुढे सरकतात, कॅपिबारा पडला उंदरांच्या खानदानातला, त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावून झिजत राहतात.

मग खाणं. गॉब्लिन शार्कचं अंग लिबलिबीत, पोहणं स्लो, पाठलाग काही जमत नाही, म्हणून हा गडी अख्खा जबडाच गलोलीसारखा पुढे फेकतो. जपानी संशोधकांनी व्हिडिओवरून त्याचा स्पीड मोजला (2016), तो निघाला सेकंदाला सुमारे 3 मीटर! शिवाय त्या लांब नाकावर बारीक छिद्रं असतात, त्यांनी भक्ष्याच्या अंगातली वीज कळते. कॅपिबाराचं गवत कुठे पळून जात नाही, पण ते पचायला अवघड, म्हणून तो स्वतःचीच लेंडी परत खातो (ई करू नका, ससेही तेच करतात) आणि तेच जेवण दुसऱ्यांदा पचवतो.

"दोघंही पाण्यात राहतात" असं मात्र लिहू नका. शार्क कल्ल्यांनी पाण्यातच श्वास घेतो, कॅपिबाराला पाणी हवं लपायला, जग्वार दिसला की उडी मारायची आणि पाचेक मिनिटं दम धरायचा.

पिल्लांच्या रकान्यात कॅपिबाराची पाचेक महिन्यांच्या गर्भारपणाची माहिती सहज मिळेल, पण गॉब्लिन शार्कच्या प्रजननाबद्दल शास्त्रज्ञांनाही फार कमी माहितीय, तिथे दुसऱ्याच शार्कचे आकडे ढकलू नका, रिकामा सोडा.

आणि फोटो बघून निवडा. जबडा बाहेर लटकलेले बरेच फोटो मेलेल्या शार्कचे असतात. जिवंतपणी जबडा नाकाखाली नीट आत असतो आणि रंग गुलाबीसर दिसतो, कारण पातळ कातडीखालच्या रक्तवाहिन्या.