पाणी रात्री शिरलं तर: नागनदीकाठच्या घरांसाठी तयारीची यादी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात नागनदीवरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या तळमजल्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरलं. चारेक तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. म्हणून तयारी करताना रात्रीचे दोन वाजलेत आणि लाइट गेलेली आहे, असंच धरा.

आधी माणसं. त्याच पुरात सुरेंद्रगढमध्ये अर्धांगवायूनं आजारी एक बाई घरातच बुडाल्या. आपल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेलं, ऐकू न येणारं, एकटं राहणारं कोण आहे आणि त्यांना कोण दोघं उचलणार, हे पावसाळ्याआधी नावानिशी ठरवा. त्या दोघांपैकी एखादा गावाला गेला तर तिसरा कोण, तेही. वरच्या मजल्यावरच्या काकूंना आजच विचारा, "आईला रात्री-बेरात्री वर आणलं तर चालेल ना?" नाही म्हणणारं कुणी भेटत नाही, पण आधी विचारलेलं असलं की ऐनवेळी संकोचात वेळ जात नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना चढवण्याचा सराव दिवसाउजेडी एकदा कराच.

गच्चीला कुलूप असेल तर किल्ली प्रत्येक घरात हवी. बाहेर उघडणारं दार पाण्याच्या दाबानं उघडत नाही आणि खिडक्यांना ग्रिल असतं, त्यामुळे उंबऱ्याशी पाणी दिसताच वर निघा. रस्त्यावर पाणी वाहू लागलं असेल तर बाहेर पडूच नका: गुडघ्याच्या खालचा प्रवाहही माणसाला पाडतो, आणि गडरची (गटाराची) झाकणं निघालेली दिसत नाहीत. पार्किंगमधली गाडी जाऊ द्या, तिच्यासाठी खाली उतरू नका.

पाणी शिरण्याआधी मेन स्विच बंद करा, आणि इन्व्हर्टरही. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरचा करंट वायरिंगमध्ये खेळत असतो, हे फार जण विसरतात. पाण्यात उभं राहून मात्र कशालाच हात लावू नका. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.

पिशवीत रोजची औषधं, आधार कार्ड, बँक पासबुक प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टॉर्च, पाणी, शिट्टी, पॉवर बँक. मदतीसाठी ११२, अग्निशमन १०१, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, हे आकडे दारामागे मोठ्या अक्षरात लिहा.

परतल्यावर वायरिंग तपासून घेईपर्यंत लाइट लावू नका, आणि टाकी धुऊन होईस्तोवर पाणी उकळूनच प्या.