कवितासंग्रहाच्या शीर्षकाचा अर्थ लावताना या चुका टाळा

‘शीर्षकाची प्रतीकात्मकता स्पष्ट करा’ हा प्रश्न मराठी घेतलेल्यांना कधी ना कधी गाठतोच. उत्तरंही ठरलेली असतात. उदाहरणाला आपल्या वेंगुर्ल्याकडचे कवी आरती प्रभू यांचेच संग्रह घेऊ: ‘नक्षत्रांचे देणे’, ‘दिवेलागण’ आणि ‘जोगवा’.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शीर्षक ओळीपासून तोडल्यामुळे. ‘नक्षत्रांचे देणे’ ऐकायला इतकं गोड, की देणं म्हणजे वरदान असं धरून लोक मोकळे होतात. सूत्रसंचालकांचं तर ते आवडतं वाक्य: कवीने रसिकांना दिलेलं देणं! कविता उघडून बघा. तिथे हे देणं द्यायचं राहून गेलंय. हाताशी उरल्यात कळ्या आणि थोडी ओली पानं. म्हणजे वाण्याच्या वहीतल्या बाकीसारखं ते थकलेलं आहे. शीर्षकात झगमगाट तेवढा आला, रुखरुख कवितेतच राहिली. उत्तरात ती हवीच.

सालही तपासा. संग्रह १९७५चा, कवी गेले १९७६ मध्ये, साहित्य अकादमी पुरस्कार १९७८चा. पुरस्काराचं साल धरून काहीजण संग्रह मरणोत्तर ठरवतात आणि शीर्षकाला ‘अखेरचा निरोप’ चिकटवतात.

दुसरी खोड तयार समीकरणांची. संध्याकाळ म्हणजे मृत्यू, दिवा म्हणजे ज्ञान, समुद्र म्हणजे अथांगता. (समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तरी हे लिहू नये.) ‘दिवेलागण’ला (१९६२) हा तक्ता लावलात की अडलात. तिन्हीसांजेला इकडच्या घरात काय चालतं ते आठवा. केर आधीच काढून झालेला, पुढचं दार उघडं, माडांखाली काळोख केव्हाच उतरलेला, आणि तुळशीपाशी पणती लावताना वाऱ्याला धरलेला हाताचा आडोसा. काळोख येतोय म्हणून दिवा लागतोय. उजेड की अंधार, यातलं एकच निवडायला गेलात तर शीर्षक हातचं गेलं.

‘जोगवा’बद्दल (१९५९) लिहिताना ‘भीक’ हा शब्द टाळा. जोगवा देवीच्या नावाने मागतात, परडी घेऊन, अनेकदा नवसाचा. घरात धान्य असलं तरी मागतात. कुडाळात खाणावळ चालवताना कवीची ओढाताण झाली हे खरं, पण म्हणून शीर्षकाचा अर्थ गरिबी होत नाही. चरित्र शेवटी आणा, कविता वाचून झाल्यावर.

अर्थ सापडतच नसेल तर शीर्षकातला शब्द संग्रहात आणखी कुठे येतो ते पेन्सिलीने खुणा करत शोधा. दोन-तीन ठिकाणं मिळाली की उत्तर आपोआप जुळतं.

आणि प्रतीक असायलाच हवं असंही नाही. १९३९ मध्ये पहिल्या संग्रहाला ‘शिशिरागम’ म्हणणाऱ्या मर्ढेकरांनी १९४७ मध्ये पुढच्याचं नाव ठेवलं ‘काही कविता’. तिथे खणत बसू नका. इतकं कोरडं नाव का ठेवलं असेल, एवढंच दोन ओळींत लिहा आणि पुढचा प्रश्न घ्या.