शेंगेन व्हिसा: फॉर्मच्या आधी रात्री मोजा

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. युरोपच्या व्हिसाचं पहिलं काम मी त्याच्यावर केलं. मे महिन्याच्या पानावर पेन्सिलीने ६, ७, ८ ला ‘पॅरिस’, ९ ते १२ ला ‘लुझर्न’, १३, १४ ला ‘ॲमस्टरडॅम’ लिहिलं. तारखेच्या चौकटीत रात्र कुठे काढणार तेवढंच लिहायचं, दिवसभर कुठे भटकणार ते नाही. आई-बाबा आणि मी, तिघांचा अर्ज या एका पानावरून ठरला.

शेंगेन हा युरोपातल्या देशांचा गट, त्यात सध्या २९ देश आहेत आणि सगळ्यांना एकच व्हिसा चालतो. पण अर्ज कोणाकडे करायचा हे आपल्या मर्जीवर नसतं. सहल फिरण्यासाठीच असेल, तर ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम त्याच्याकडे. दोन देशांत सारखाच मुक्काम असेल, तर जिथे आधी पाऊल टाकणार त्याच्याकडे. आमच्या फ्रान्सच्या तीन रात्री, स्वित्झर्लंडच्या चार, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडचा. विमान पॅरिसला उतरत होतं तरीही. काकांचा फोन आलाच, “अगं, दुसऱ्या देशाची तारीख लवकर मिळतेय, तिथेच टाक ना!” हा सल्ला ठाण्यात घरोघरी मिळतो. ऐकू नका. चुकीच्या देशाकडे गेलेला अर्ज तपासलाच जात नाही.

लंडन याच फेरीत करायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. शिवाय पॅरिसहून लंडन आणि तिथून ॲमस्टरडॅम असा बेत असेल, तर शेंगेनमध्ये दोनदा शिरावं लागतं. फॉर्ममध्ये मल्टिपल एंट्री मागायला विसरू नका.

आता पासपोर्ट. तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. यात काही कमी असेल तर आधी नूतनीकरण, व्हिसाचं नंतर बघू.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी व्हायलाच हवा. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ पर्यंत जातात. मे महिन्यात निम्मी मुंबई युरोपला निघालेली असते, म्हणून अपॉइंटमेंट जानेवारी-फेब्रुवारीतच शोधायला घ्या.

मग फाइल. भरलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, जाण्यायेण्याचं आरक्षण (रद्द करता येणारं, व्हिसा हातात येईपर्यंत पक्कं तिकीट काढू नका), प्रत्येक रात्रीचं हॉटेल, प्रवास विमा, बँक स्टेटमेंट, आयकर रिटर्न. नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा आणि ऑफिसचं रजेचं पत्र. बाबांसारखे निवृत्त असाल तर पेन्शनची कागदपत्रं. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, उतरण्याच्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंतचा. सोबत एक पानी कव्हरिंग लेटर: कोण जातंय, कुठे, किती दिवस, खर्च कोण करतंय, परत का येणार. साध्या इंग्रजीत लिहा, आल्प्सचं वर्णन नको.

बँकेच्या बाबतीत एक घरगुती युक्ती बरेच जण करतात: अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकायचे. ती नको, तपासणाऱ्याला ती एकच मोठी एंट्री आधी दिसते. दर महिन्याला येणारा पगार किंवा पेन्शन जास्त बोलते. खरंच एफडी मोडली असेल तर तिची पावती जोडा.

बायकांच्या नावाचा घोळ आपल्याकडे हमखास असतो. आईच्या पासपोर्टवर सासरचं नाव, एका जुन्या खात्यावर माहेरचं. आम्ही लग्नाचा दाखला जोडला, प्रश्नच आला नाही.

अर्ज द्यायचं व्हिसा केंद्र मुंबईत. नवी मुंबईकरांना हार्बर, आपल्याला ठाणेकरांना मध्य रेल्वे. फाइल प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पोटाशी धरा, सकाळच्या लोकलमध्ये पाठीवरच्या बॅगेचं काय होतं ते माहीत आहे. फी प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. पैसे रुपयांत भरायचे आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत. बोटांचे ठसे १२ वर्षांखालच्या मुलांचे घेत नाहीत. आईच्या बोटांचे तिसऱ्या प्रयत्नात उमटले, चाळीस वर्षं भांडी घासलेली बोटं ती.

आमचा घोटाळा मात्र काउंटरवर उघड झाला. लुझर्नचं हॉटेल बाबांनी ‘९ ते १२’ असं बुक केलं होतं. पण हॉटेलच्या भाषेत १२ म्हणजे खोली सोडायचा दिवस! १२ ची रात्र आम्ही कागदोपत्री रस्त्यावर. त्याहून वाईट म्हणजे फ्रान्स तीन, स्वित्झर्लंड तीन, आणि विमान पॅरिसला. म्हणजे कागदांप्रमाणे अर्ज फ्रान्सकडे जायला हवा होता. काउंटरवरच्या मुलाने पेनाने रात्री मोजल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. बाकावर बसून फोनवरून एक रात्र वाढवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात प्रिंट काढली. बाबा तोवर भिंतीवरचं घड्याळ वाचत होते.

पासपोर्ट परत आला की त्यातला व्हिसाचा स्टिकर तिथल्या तिथे वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, एंट्री किती. ‘पासून-पर्यंत’च्या तारखा वेगळ्या आणि राहण्याच्या दिवसांचा आकडा वेगळा. तारखांमध्ये महिना दिसत असला तरी दिवस १५ लिहिले असतील तर १५च, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात मोजतात. लांबच्या मुदतीचा व्हिसा मिळाला तरी कोणत्याही १८० दिवसांत ९० च्या वर राहता येत नाही. काही चुकलं असेल तर लगेच केंद्राला कळवा, विमानतळावर ते दुरुस्त होत नाही.