नव्या फोटोला ‘जुना लुक’ देताना

लग्नाचा सीझन सुरू झाला की आमच्या स्टुडिओत एक मागणी हमखास येते. “दादा, आईबाबांच्या लग्नाच्या अल्बममधले फोटो कसे दिसतात, तसं करून द्या ना.” एडिटिंगला नव्याने बसलेली मुलं लगेच एखादं व्हिंटेज प्रीसेट (एका क्लिकवर लागणारं तयार सेटिंग) उतरवतात, दोनशे फोटोंवर फिरवतात आणि मोकळी होतात. फोटो फिके दिसतात खरे, पण आईबाबांच्या अल्बममधले वाटत नाहीत.

असं का होतं, ते मला रिस्टोरेशनचं, म्हणजे जुने फोटो दुरुस्त करण्याचं, काम करताना कळलं. वर्षश्राद्धाच्या आधी आजोबांचा विटलेला फोटो नीट करून घ्यायला लोक येतात. नवख्याने स्टुडिओत हे काम मागून घ्यावं. पैसे फारसे मिळत नाहीत, पण उडालेले रंग परत आणता आणता ते कुठल्या क्रमाने उडाले हे डोळ्याला कळायला लागतं. नंतर तीच वाट उलटी चालायची.

१९७०-८०च्या काळातल्या रंगीत प्रिंटमध्ये रंगद्रव्यांचे तीन थर असतात : सायन (निळा-हिरवा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा. कपाटातल्या अल्बममध्ये, अंधारात पडून राहिलेल्या त्या काळच्या बऱ्याच प्रिंटमध्ये सायन सगळ्यात आधी विरतो. लाल प्रकाश शोषून घेणं हे सायनचं काम. तोच कमी झाला की सावल्यांत लाली चढते, नवरदेवाचा काळा कोट चॉकलेटी होतो आणि फोटोतले पांढरे भाग पिवळट पडतात. भिंतीवर उन्हात टांगलेल्या फोटोची गोष्ट वेगळी, तिथे प्रकाश बाकीचे रंगही खातो.

नवरीच्या हातातला हिरवा चुडा बघा. प्रिंटवरचा हिरवा रंग सायन आणि पिवळा मिळून बनतो. सायन उडाला की चुडा मातकट, जवळजवळ खाकी दिसायला लागतो. तुमच्या ‘व्हिंटेज’ फोटोत सगळं फिकं आणि चुडा मात्र पोपटी राहिला, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला नक्की जाणवेल.

आता हे कर्व्हमध्ये, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार बदलणाऱ्या रेषेच्या आलेखात, उतरवू. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल वेगवेगळे उघडा. डावीकडे सावल्या, उजवीकडे उजळ भाग; ० म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण उजळ. लाल चॅनेलचं डावीकडचं खालचं टोक ० वरून ४० च्या आसपास उचला, हिरव्याचं २५ पर्यंत, निळ्याचं त्याहून थोडं कमी. मग उजवीकडचं वरचं टोक : निळ्याचं २५५ वरून २३० पर्यंत उतरवा, हिरव्याचं किंचित, २४८ वगैरे, आणि लालचं आहे तिथेच ठेवा. आकडे फोटोगणिक बदलतील, पण क्रम हाच. त्यानंतर एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायच्या पॅनेलमध्ये) हिरवा पिवळ्याकडे सरकवा आणि त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, उतरवा. फोटोशॉप, लाइटरूम, फुकटातलं जिंप किंवा डार्कटेबल, काहीही वापरा. प्रत्येकात चॅनेलनिहाय कर्व्ह मिळतो.

तयार प्रीसेटमध्ये बहुतेकदा सावल्या निळसर आणि उजळ भाग पिवळे असतात. ती तऱ्हा क्रॉस प्रोसेसिंगच्या जवळची : स्लाइड फिल्म निगेटिव्हच्या रसायनात धुतली की रंग असे सैरभैर होतात. दिसायला झकास, पण घरच्या अल्बमशी त्याचा संबंध नाही. सेपियाचंही तसंच. तपकिरी छटा आली की फोटो जुना, असं अनेकांना वाटतं. मुळात सेपिया हे कृष्णधवल प्रिंटवर मुद्दाम केलेलं टोनिंग. त्यात फोटोतल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं आणि प्रिंट उलट जास्त टिकते. हळदीच्या रंगीत फोटोवर सेपिया टाकणाऱ्याला मी तरी कामावर ठेवणार नाही.

हळदीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हे फोटो या लुकमध्ये सगळ्यात जास्त दगा देतात. गालावरची हळद आधीच पिवळी, त्यात उजळ भागही आपण पिवळे केलेले, म्हणजे चेहरा आणि हळद एक होऊन जातात. तिथे चेहऱ्यावर मास्क लावून (म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून) निळ्या चॅनेलचा परिणाम निम्म्यावर आणा.

ग्रेन, म्हणजे फिल्मसारखा बारीक रवा, बेताने टाका. मध्यम छटांत तो दिसावा, उजळ भागांत जवळपास नसावा. कडा काळ्या करणारं व्हिनेट शक्यतो नकोच.

फाइल रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, न दाबलेली) असेल तर उत्तम, एक्स्पोर्ट करेपर्यंत १६ बिटमध्येच, म्हणजे रंगांच्या जास्त पायऱ्या ठेवून, काम करा. जेपेगवर इतके कर्व्ह ओढले की मोकळ्या आकाशात पट्टे पडतात आणि ते नंतर झाकता येत नाहीत.

अल्बम छापायचा असेल तर लॅबला आधी कागद विचारा. मॅट कागदावर काळा मुळातच फिका येतो, त्यावर तुम्ही उचललेला काळा म्हणजे फोटो दुप्पट फिका. मॅटसाठी मी खालची टोकं निम्म्याने कमी उचलतो आणि करिझ्मा अल्बमची (ज्यात फोटो थेट पानांवरच छापतात) ऑर्डर देण्याआधी एक ४×६ टेस्ट प्रिंट काढून ग्राहकाला हातात देतो. स्क्रीनवर “अजून जुना करा” म्हणणारे प्रिंट बघून “एवढा नको” म्हणतात, हे ठरलेलंच. आणि रंग न उतरवलेली साधी कॉपीही पेनड्राइव्हवर द्या, कारण सासरच्या मंडळींना भिंतीवर लावायला तीच हवी असते.