वयात येणाऱ्या मुलांचं वजन नुसत्या डोळ्यांनी जोखू नका: या चुका टाळा

13 वर्षांची मुलगी भर उकाड्यात जाकीट काढत नाही. फोटोत सगळ्यांच्या मागे उभी राहते. जेवताना एकच घास ताटभर फिरवते आणि "मैत्रिणीकडे खाल्लंय" म्हणून उठते. घरचे म्हणतात, वयच तसं आहे, जाईल निघून. मला वाटतं, तिथेच पहिली चूक होते.

दुसरी चूक नजरेनं वजन ठरवण्याची. मुलं आरशावर विसंबतात, आईवडील आपल्या डोळ्यांवर, आणि अनेकदा दोघंही फसतात. वजन योग्य असलेली मुलगी स्वतःला जाड समजते. उलट अंगानं भरलेल्या मुलाच्या रक्तात लोह कमी असू शकतं, पण तो खात्यापित्या घरचा दिसतो म्हणून कुणी तपासत नाही.

मग कुणीतरी मोबाइलवर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, काढतं, तोही मोठ्यांच्या तक्त्यावर. 150 सेंटीमीटर उंची आणि 39 किलो वजन म्हणजे बीएमआय साधारण 17.3. मोठ्यांच्या तक्त्यात 18.5 च्या खाली म्हणजे कमी वजन, म्हणून घरात घबराट. पण 13 वर्षांच्या मुलीला हा आकडा अगदी ठीक आहे. तिचंच वजन 52 किलो असतं तर बीएमआय 23 भरला असता. मोठ्यांच्या त्याच तक्त्यात तो ठीक, तिच्या वयाला मात्र जास्त. 5 ते 19 वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वय आणि लिंगानुसार वेगळे वाढतक्ते आहेत, तेच वापरा. दर तीनचार महिन्यांनी उंची-वजन मोजून नोंदवा. एका आकड्यापेक्षा तक्त्यावरची रेघ कुठे वळतेय ते जास्त सांगतं. आणि मोजताना भावंडं, पाहुणे, वर्गमित्र समोर नकोत.

आता बोलण्याविषयी. "जाडे", "काडी पैलवान", "जरा कमी खा, लग्नात फोटो कसे येतील". ही वाक्यं प्रेमानं म्हटली तरी मुलांच्या मनात वर्षानुवर्षं घर करून राहतात. वयात येताना मुलींच्या कमरेवर, मांड्यांवर चरबी साठणं हा वाढीचाच भाग आहे. त्याच वेळी घरातून टोमणा आला की मुलगी वाढीलाच दोष समजू लागते. मुलांचं दुखणं वेगळं: खांदे रुंद हवेत, दंड फुगलेले हवेत. मग प्रोटीन पावडरचा डबा येतो आणि जेवण मागे पडतं. नुसत्या पावडरीनं स्नायू वाढत नाहीत, त्याला व्यायाम, पुरेसं जेवण, झोप आणि वयानुसार येणारे हार्मोन लागतात.

नाश्ता किंवा रात्रीचं जेवण बुडवणं हा मुलांचा लाडका उपाय. अर्धपोटी शरीर मनाचं काय करतं ते 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. अ‍ॅन्सेल कीज या संशोधकानं 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर त्यांचं सगळं चित्त अन्नात अडकलं. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. दिवसभर उपाशी राहून रात्री डब्यावर तुटून पडणाऱ्या मुलाला 'इच्छाशक्ती नाही' म्हणू नका. भूक आपलं काम करत असते.

वजन ठीक असलं तरी थकवा, फिकटपणा, जिना चढताना धाप असेल तर हिमोग्लोबिन तपासा. 12 वर्षांवरच्या मुलींमध्ये दर 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅमच्या खाली आणि 15 वर्षांवरच्या मुलांमध्ये 13 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात.

पाळी सुरू झालेली असताना सलग तीन महिने आली नाही, चक्कर येऊ लागली, जेवून उठताच (उलटीचा आवाज लपवायला) बाथरूममध्ये नळ चालू ठेवून बसणं सुरू झालं, तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टर व समुपदेशक दोघांनाही गाठा. फार दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या मुलाला एकदम भरपेट जेवू घालू नका. रक्तातलं फॉस्फेट हे खनिज धोकादायक घसरू शकतं, म्हणून खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवतात.