एन्झाइम शुद्ध करताना या चुका टाळा: ॲक्टिव्हिटी नेमकी कुठे जाते?

जेलवर एकच स्वच्छ पट्टा दिसतो, म्हणजे प्रथिन शुद्ध झालेलं असतं, पण ॲक्टिव्हिटी (एन्झाइमची काम करण्याची क्षमता) सुरुवातीच्या दहा टक्केही उरलेली नसते. अशा वेळी पहिला संशय कॉलमवर (प्रथिनं वेगळी करणाऱ्या, रेझिन भरलेल्या नळीवर) घेतला जातो. मात्र बरीचशी गळती त्याआधीच, प्रथिनं गाळात बसवायला अमोनियम सल्फेट टाकताना आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बनवताना होऊन गेलेली असते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आकारमान, एकूण प्रथिन आणि एकूण युनिट (ॲक्टिव्हिटीचं माप) लिहून ठेवा. हा तक्ता नसेल तर चूक शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

अमोनियम सल्फेटचा तक्ता तापमानाप्रमाणे बदलतो. 100 मिली अर्क शून्यापासून 60 टक्के संपृक्ततेला न्यायला 0 अंश सेल्सिअसला सुमारे 36 ग्रॅम लागतं, 25 अंशांना 39 ग्रॅम. बर्फावर काम करताना 25 अंशांचा तक्ता धरला, तर नको असलेली प्रथिनंही गाळात येतात. खडे कुटून बारीक पूड करा आणि चिमूट-चिमूट टाका; आधीची विरघळल्याशिवाय पुढची नको. एकदम ओतली की त्या जागी संपृक्तता क्षणभर कितीतरी वाढते आणि सगळंच खाली बसतं. स्टरर सावकाश फिरवा. वर पांढरा फेस दिसू लागला, तर हवेच्या संपर्कात तिथलं प्रथिन उलगडून खराब होत असतं. या क्षारामुळे पीएचही उतरतो, तेव्हा बफर किमान 50 मिलिमोलर ठेवा. आणि एक कळकळीची विनंती: गाळ आणि वरचा द्रव, दोन्हींची ॲक्टिव्हिटी मोजल्याशिवाय काहीही ओतून देऊ नका.

क्षार काढून टाकायला वापरायची डायलिसिसची पिशवी एक तृतीयांश रिकामी ठेवा, कारण क्षारामुळे पाणी आत शिरतं आणि गच्च भरलेली पिशवी फुटते. बाहेरचा बफर शंभरपट घ्या, तीन-चार तासांनी बदला, मग रात्रभर ठेवा.

आयन एक्स्चेंज कॉलमवर (यात प्रथिन विद्युतभारामुळे धरलं जातं) एन्झाइम न थांबता सरळ बाहेर आलं, तर रेझिन बदलण्याआधी नमुन्याची कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) बघा. उरलेला क्षार हेच बहुधा कारण असतं. दुसरं कारण ट्रिस हा बफर. 25 अंशांना पीएच 8.0 ला बसवलेला ट्रिस 4 अंशांना 8.6 च्या आसपास जातो, म्हणून ज्या तापमानाला कॉलम चालवायचा त्याच तापमानाला पीएच बसवा.

निकेल कॉलमच्या (प्रथिन निकेलला चिकटवून धरणाऱ्या) नमुन्यात ईडीटीए (धातूचे आयन बांधून घेणारं रसायन) नको. ते निकेलच ओढून घेतं. अल्फा-अमायलेजलाही ते मारक आहे, कारण या एन्झाइमची घडी कॅल्शियमवर टिकते.

कधी कधी एन्झाइम ठणठणीत असतं आणि मोजणी चुकलेली असते. नमुना फार तीव्र असेल तर पहिल्या काही मिनिटांतच सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) संपतं आणि आकडा खोटा, कमी येतो. नमुना दहापट आणि शंभरपट पातळ करून पुन्हा मोजा. पातळपणा हिशेबात धरून दोन्ही उत्तरं जुळली, तरच ती खरी माना.

औद्योगिक वापरासाठी ग्लुटारल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनाने एन्झाइम आधारावर, म्हणजे मण्यांवर, बसवताना ट्रिस किंवा उरलेलं अमोनियम सल्फेट चालत नाही. ट्रिसमधला अमाइन गट आणि अमोनिया दोन्ही ग्लुटारल्डिहाइड खाऊन टाकतात आणि एन्झाइम धुताना वाहून जातं. त्याआधी डायलिसिस करून नमुना फॉस्फेट बफरमध्ये आणा. कॅल्शियमवर चालणाऱ्या एन्झाइमसाठी मात्र फॉस्फेट टाळून हेपेस हा बफर घ्या, नाहीतर कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसेल. धुतलेल्या पाण्यातली युनिटही मोजा. एकूण टाकलेल्यातून ती वजा केली की किती एन्झाइम बसलं ते कळतं. प्रत्यक्ष किती काम करतंय, ते मणी सब्स्ट्रेटमध्ये टाकून वेगळं मोजावं लागतं.